एकशे चाळीस किलोंचा संशय

मित्रांनो, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत रस्त्याच्या पातळीला बसवलेला मी एक जुना वजनकाटा आहे. वरून पाहिलंत तर नुसता लोखंडी पत्रा दिसतो. ट्रक आधी रिकामा येतो, मग भरून येतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. एवढंच माझं काम.

मला बसवलं तेव्हा निरीक्षकांनी प्रमाणित वजनं ठेवून तपासलं, शाबासकी देऊन शिक्का मारला. त्यानंतर वीस वर्षं माझ्याकडे जो तो संशयानेच पाहतो. आकडा जास्त आला तर एकाला मी लबाड वाटतो, कमी आला तर दुसऱ्याला.

सुलक्षणाताई माझ्या पावत्या काढतात. रोज सकाळी त्या माझा पत्रा आणि काँक्रीट यांच्यामधली बोटभर फट झाडतात. तिथे खडा अडकला तर भाराचा थोडा वाटा तोच उचलतो आणि मला वजन कमी कळतं. यंदा खंडेनवमीला त्यांनी मला हार घातला, काठावर नारळ फोडला. पूजेची फुलं लगेच कशी झाडायची, म्हणून झाडू कोपऱ्यातच राहिला. तेवढ्यात मढच्या फिलिपचा रिकामा ट्रक आला. पाच हजार आठशे साठ किलो. दुपारी तो भरून आला, पंधरा हजार. म्हणजे माल नऊ हजार एकशे चाळीस.

भाडं ठरवून देणारा दलाल सर्वेश पावती नाचवत आला. "तीनशे पेट्या, तीस-तीस किलोच्या. नऊ टन बरोब्बर! वरचे एकशे चाळीस किलो म्हणजे काय, तुझी सासू बसलेली आत?"

"सासूवर जाऊ नको रे. नऊच्या वर गेलं की दहा टनांचं भाडं, तूच बोललास ना? जादा द्यायची वेळ आली की तुझं गणित सुधारतं," फिलिप म्हणाला.

सर्वेश ताईंकडे वळला. "आणि मॅडम, यात तुमचा वाटा किती?"

सुलक्षणाताईंचा चेहरा उतरला. काट्याचे मालक आले, दोघांचं ऐकून म्हणाले, "उद्यापर्यंत उलगडा करा बाई. नाहीतर परवापासून येऊ नका."

मला सगळं ठाऊक होतं. करवंटीचा तुकडा फटीत पाचरीसारखा बसला होता. रिकाम्या ट्रकचे एकशे चाळीस किलो त्यानेच पेलले. भरलेल्या ट्रकखाली त्याचा चुरा झाला आणि आकडा बरोबर आला. पण मला फक्त आकडे बोलता येतात.

फिलिप माल घेऊन भिवंडीला गेला. ताई गुडघ्यांवर बसून माझी फट चाचपू लागल्या. हाताला करवंटीचा चुरा लागला, खोबरं चिकटलेला. चूक त्यांचीच होती आणि पाहणारं कुणी नव्हतं. मूठ मिटून त्यांनी कोपऱ्यातल्या झाडूकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या वेळी मलाही त्यांचा संशय आला. वाटलं, आता झाडून टाकतील.

त्यांनी फिलिपला फोन लावला. "उद्या रिकामी गाडी घेऊन ये. डिझेल आज सकाळएवढंच ठेव, ताडपत्री तीच."

सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी तो चुरा टेबलावर ठेवला आणि फट झाडून ट्रक घेतला. सहा हजार किलो. म्हणजे माल बरोबर नऊ हजार.

"माझी चूक," त्या म्हणाल्या. "चोरी नाही."

मालकांनी नवं पावतीपुस्तक ताईंच्या पुढ्यात सरकवलं.

"मला नऊचंच भाडं दे," फिलिप सर्वेशला म्हणाला. "पण आधी मॅडमना सॉरी बोल."

"सॉरी ताई," सर्वेश पुटपुटला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "फिलिप, डिझेल नक्की तेवढंच ना?"

"टाकीत उतरून बघ रे बाबा!"

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी एवढ्याशा कचऱ्याने चुकतो. कृपा करून मला स्वच्छ ठेवा. आणि कुणा माणसाकडे बोट दाखवण्याआधी ते बोट एकदा माझ्या फटीतून फिरवून बघा.