दाढा झिजलेला माणूस

भुताच्या गोष्टींना मी घाबरेनाशी झाले, हे आमच्या लॅबमधल्या पॉलिशवाल्याला माझ्याआधी कळलं. आमची डेंटल लॅब. मी मेणात दात बसवते, तो समोर बसून तयार कवळ्या घासून चकचकीत करतो, आणि दिवसभर दोघांच्याही कानात काही ना काही चालू असतं. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे मोकळे. पडक्या बंगल्यातली बाई, विहिरीतून वर येणारा हात, आरशातला दुसरा चेहरा, हे सगळं मी अलीकडे जांभया देत ऐकत होते. एक दिवस त्यानं मोटर बंद केली आणि म्हणाला की भुतं पुरे झाली, आता खऱ्या गुन्ह्यांचे पॉडकास्ट ऐका. भुतांच्या शौकिनांसाठी त्यानं खास निवडून ठेवले होते. सगळी नावं एकदम द्यायला मात्र तो तयार नव्हता. डॉक्टर डोस वाढवत नेतो तसं आठवड्याला एक, आधी पचायला हलकं, मग जड.

"यात भूत नसतं," तो म्हणाला, "म्हणून तर जास्त भीती वाटते."

खरं बोलला. भुताला अमावास्या लागते, ओसाड घर लागतं. या माणसांचं भरदिवसा भागतं. बेल वाजवून येतात, पाणी मागतात, सोफ्यावर बसतात. 'दाराशी कोण' हा पहिला पॉडकास्ट ऐकताना माझ्या हातातलं मेण दोनदा गार झालं. त्यात एक माणूस दुरुस्तीच्या निमित्तानं एकट्या बायकांच्या घरात शिरायचा. निवेदक शांत, घरातल्या माणसासारखा बोलायचा. म्हणाला, अशा माणसाची पहिली खूण म्हणजे तो सगळ्यांना आवडतो.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. कारण नेमका असा एक माणूस आमच्या सोफ्यावर बसायला लागला होता.

मी आणि माझी मोठी बहीण एकत्र राहतो. भावजी गेल्यापासून. ताई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते आणि स्वभावानं इतकी भोळी, की गिऱ्हाइकानं चष्मा डोक्यावर ठेवून हरवला म्हणून सांगितलं तरी ती आधी सगळं दुकान शोधेल. त्यामुळे घरातला कणखरपणा माझ्याकडे आला. तिची एक मैत्रीण दर रविवारी येऊन तिचं डोकं खायची, ते मी बंद केलं. तिचा फोन बहुतेक वेळा मीच उचलते, तिला कुणाला नाही म्हणता येत नाही म्हणून. ताईशिवाय मला कोणी नाही. हे रडगाणं नाही, आहे तसं सांगते आहे. तिला काही झालं तर संध्याकाळी कुणासाठी घरी यायचं, हा प्रश्न मला भर दुपारी पडतो.

तर आमच्या दाराचं कुलूप बिघडलं आणि ताईनं एक किल्लीवाला बोलावला. धिप्पाड, टकलू, तिच्याच वयाचा, बायको वारलेली. कुलूप अर्ध्या तासात झालं. माणूस मात्र येतच राहिला. आधी तेल घालायला, मग खिडकीची कडी बघायला, मग काहीच न बिघडता. जो माणूस शहरातलं कुठलंही दार उघडू शकतो तो आमच्याच दारातून का येतो, असं मी ताईला विचारलं, तर ती चक्क लाजली.

मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. तो हसताना तोंडावर हात धरायचा. बिस्कीट चहात बुडवून पार मऊ करून खायचा, आणि खाताना कुणी बघितलं तर थांबायचा. चहा झाला की कप स्वतः विसळून ठेवायचा. ताई म्हणाली, किती नीटनेटका माणूस. मी म्हटलं, पुरावा मागे न ठेवण्याची सवय आहे. बायको कशानं गेली विचारलं तर "आजारी होती" एवढंच बोलला. कसला आजार, ते मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ताईनंच विषय बदलला.

सरळ सांगून ती ऐकणार नव्हती. म्हणून मी पॉडकास्ट कामाला लावले. रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना फोन डब्याला टेकवून मोठ्यानं लावायचा, ताई समोर भाजी निवडत बसलेली. दुसऱ्या आठवड्यात 'बंद फाइल', तिसऱ्या आठवड्यात 'ओळखीचा आवाज'. हा तिसरा जालीम होता. एक बाई नाहीशी होण्याआधीची तिची वर्षं त्यात सावकाश उलगडून सांगितली होती. मी मधेमधे थांबवून ताईकडे बघायचे. "ऐकलंस?" म्हणायचे. ती शेंगा सोलत राहायची. पहिल्या दिवशी म्हणाली, आवाज छान आहे हं त्याचा. पुढे काही बोलेनाशी झाली. जेवण झालं की लगेच तिच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. मला वाटलं, लागू पडतंय औषध.

आणि मग लॅबमध्ये तो डबा आला.

आमच्याकडे माणसं तोंडापुरतीच येतात. दाताचे डॉक्टर ठसे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, साच्यावरून काम करतो आणि डॉक्टरांकडे परत पाठवतो. पेशंटचा चेहरा कधी दिसत नाही. डब्यावर नाव असतं तेवढंच. या डब्यावर किल्लीवाल्याचं नाव होतं, आडनावासकट. काम नाइट गार्डचं, म्हणजे झोपेत दात खाणाऱ्या माणसानं दातांवर चढवायची पारदर्शक पट्टी.

साचा काढला आणि बघतच राहिले. दाढा पार सपाट. उंचवटे उरलेलेच नव्हते, जुन्या पायरीसारख्या मधून खोल गेलेल्या. असं एका-दोन महिन्यांत होत नाही. रोज झोपेत जबडा आवळून, मनातलं काहीतरी दातांखाली भरडत राहिलं की होतं. त्याच आठवड्यातल्या चौथ्या पॉडकास्टमध्ये एका खुन्याच्या बायकोनं सांगितलं होतं, की ती त्याच्या दात खाण्याच्या आवाजानं जागी व्हायची. मला आणखी काय हवं होतं?

मी साचा पॉलिशवाल्यापुढे ठेवला आणि विचारलं, काय दिसतं. त्यानं तो तळहातावर घेऊन फिरवला.

"लहानखुरं माणूस आहे. जबडा बघा केवढासा."

मी म्हटलं, धिप्पाड माणसांचेही जबडे लहान असतात. तो म्हणाला, असतील बुवा. मला जे दिसायचं ते दिसून चुकलं होतं, त्याच्या बुवाकडे कोण लक्ष देतो.

पट्टी तयार झाल्यावर मी ती डॉक्टरांकडे पाठवली नाही. हे आमच्या कामात बसत नाही, मला ठाऊक आहे. पण त्या माणसाला समोर बसवून, पट्टी हातात देऊन, झोपेत कसला हिशेब चुकता करतोस असं विचारायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, भिंतभर किल्ल्या, मधे एक स्टूल. मला बघून तो उठून उभा राहिला. मी डबी काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, तुमची पट्टी, घालून दाखवा.

त्यानं डबीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही माझी नाही."

"नाव तुमचंच आहे."

"नाव माझं आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तेव्हा त्यानं रस्त्याकडे एक नजर टाकली, माझ्या बाजूनं पुढे गेला आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

माझी पाचावर धारण बसली. चार पॉडकास्ट ऐकून मला एवढं कळत होतं, की मी कुठं आलेय हे कुणालाही सांगितलेलं नाही. काउंटरवर एक कानस पडली होती, ती मी हळूच जवळ ओढली. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, मान खाली घालून काहीतरी करत होता. मग वळला. त्याच्या तळहातावर कवळी होती. वरची आणि खालची, दोन्ही. तोंडाचं पार बोळकं झालेलं.

शटर लाजेपायी ओढलं होतं. वर्षानुवर्षं कवळ्या करण्यात गेलेली मी बाई, आणि तोंडावरचा हात, चहात बुडवलेलं बिस्कीट यातलं मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. ज्याच्या तोंडात स्वतःचा एक दात नाही, तो दाढा कुठून झिजवणार? तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. त्यानं कवळी परत बसवली, शटर वर केलं आणि मला स्टूल दिलं.

"तुमच्या ताईंचे दात आहेत ते," तो म्हणाला. "सकाळी जबडा उघडत नाही त्यांचा. डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. काम तुमच्याच लॅबमध्ये येतं, म्हणून मला म्हणाल्या, 'तुमचं नाव घाला.'"

"मला कळू नये म्हणून?"

"हो. मी शब्द दिला होता. आज मोडला."

मला विचारायचं होतं की तिला कसली काळजी लागली आहे. पण ते परक्या माणसाला विचारायची लाज वाटली. शिवाय उत्तर मला येत होतं, असंच मला अजून वाटत होतं. भावजींची आठवण. एकटेपणा. किंवा हाच माणूस, दात असोत नसोत.

त्या दिवशी ताईची सुट्टी होती. मी लॅबमध्ये परत न जाता घरी आले. ती कपड्यांच्या घड्या करत होती. मी डबी तिच्यापुढे ठेवली आणि काही विचारायच्या आत तिनं ती ओळखली. घाबरली नाही, रडली नाही. हातातली घडी पूर्ण केली आणि खाली बसली.

तिनं सांगितलं की दाढा दुखायला लागून बरीच वर्षं झाली. किल्लीवाल्याची ओळख तर आत्ताची. दोघांचं लग्नाचं ठरलं होतं, मला सांगायचं कसं एवढंच अडलं होतं. रोज दुकानातून येताना वाक्य जुळवायची आणि दार उघडलं की गिळून टाकायची. मी म्हटलं, मला सांगायला एवढं काय होतं? मी तर तुझ्याच काळजीनं ते पॉडकास्ट लावत होते. तो कसा माणूस आहे, ते तुला कळावं म्हणून.

ताईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तो तिसरा आठवतो? बाई नाहीशी होते तो? त्यातला माणूस आधी तिच्या मैत्रिणी तोडतो. मग तिचे फोन स्वतः घ्यायला लागतो. मग ती घरात असूनही कुणाला दिसत नाही."

"हो. तेच तर मी..."

"ते ऐकताना मला हे नाही आठवले गं," ती म्हणाली. "मला तू आठवलीस. आणि तू मधे थांबवून म्हणायचीस, ऐकलंस? मला वाटायचं, तू मला बजावते आहेस."

मला राग आला. खोटं का सांगू, आधी रागच आला. तिच्यासाठी मी काय काय केलं ते सगळं ओठांवर आलं, आणि एकेक गोष्ट बोलायला घेतली की तीच तिनं आत्ता मोजून दाखवलेल्यातली निघायची. रविवारची मैत्रीण. फोन. मला दातखीळ बसली.

मग ताईनं विचारलं, "मग करू ना मी लग्न?"

माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी बाई. शाळेत जाताना माझं बोट धरून रस्ता ओलांडणारी. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान जराशी खाली घालून मला विचारत होती. मला जवळ जाऊन तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. म्हणावंसं वाटलं, की वेडे, माझी परवानगी कशाला हवी तुला.

"मला काय विचारतेस," मी म्हणाले.

मी मायेनंच म्हणाले होते. पण आवाज माझा नेहमीचाच निघाला, आणि ताईच्या गालात, कानाच्या खाली, जबड्याचा स्नायू टरारून वर आला. इतकी वर्षं समोरासमोर बसून जेवलो आम्ही, मला तो कधी दिसला नव्हता.