बांधलेली घंटा

घंटा पुन्हा टणकन वाजली आणि इंजिनाच्या दांड्यावरचा मिस्त्रींचा हात जागच्या जागी थांबला. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे हळू, तीन म्हणजे मागे. वर सुकाणूवर उभ्या तांडेलाने दोरी ओढायची आणि खाली इंजिनाच्या खोलीत मिस्त्रींनी ऐकायचं, ही या मासेमारी बोटीची रीत. पण आज वादळाने बोट अशी गदागदा हलत होती, की घंटा आपली आपणच वाजत सुटली होती. यातला हुकूम कुठला आणि समुद्राचा चावटपणा कुठला, ओळखायचं कसं?

समोर बंदराचं तोंड होतं. दोन दगडी बांधांमधून बोट कशीबशी जाईल एवढीच वाट. मोठ्या लाटा जाऊ द्यायच्या, मधल्या उसंतीत मुसंडी मारायची आणि आत शिरताच मागे ओढून थांबवायचं. एक हुकूम चुकला, तर बोटीसकट सगळे बांधावर आपटणार होते.

दुसऱ्या कुठल्या तांडेलाने सरळ खाली वाकून हाक मारली असती. इथे मात्र पंचाईत होती. हा तांडेल मिस्त्रींचा धाकटा मेहुणा. आईबापांमागे बहिणीकडेच वाढलेला, पाना धरायला मिस्त्रींकडूनच शिकलेला. दोन वर्षांपूर्वी इंजिन ऐन धक्क्याजवळ बंद पडलं, तेव्हा सगळ्यांदेखत तो बोलून गेला, "खाली झोपा काढत होतात का?" ते मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून अबोला. काय बोलायचं ते घंटेने. मिस्त्रींची बायको हट्टाने दोघांना मिळून एकच डबा द्यायची. पण हेही बहाद्दर असे, की अर्धा डबा खाली संपायचा आणि उरलेला खलाशाच्या हाती वर जायचा.

घंटा पुन्हा वाजली. मिस्त्रींनी खांद्यावरचं तेलकट फडकं ओढलं, घंटेचा लोलक आवळून बांधला आणि डोक्यावरची झडप उघडली. वादळात ती उघडायची नसते. इंजिनात पाणी गेलं की कारभार आटोपला.

"घंटा बांधलीय रे!" ते बेंबीच्या देठापासून ओरडले. "आता तोंडाने बोल!"

वरून नुसतं पाणी आलं. ते इंजिनावर पडू नये म्हणून मिस्त्री पाठ वाकवून आड उभे राहिले. मेला आताही हट्ट सोडायचा नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"दाजी!"

दोन वर्षांनी कानावर आलेली ही हाक ऐकून मिस्त्रींनी मान वर केली.

"दाजी, थांबा! मोठी लाट येतेय. तिच्यामागे अजून एक आहे... आता! दाजी, आता सोडा!"

मिस्त्रींनी दांडा रेटला. इतकी वर्षं बोट बंदरात आली हे त्यांना धक्का बसल्यावरच कळायचं. आज मेहुण्याच्या आवाजातून त्यांना सगळं दिसत होतं.

"डावा बांध गेला... उजवा जवळ आलाय, घाबरू नका... गेला, दाजी, गेला! आता मागे! मागे, मागे!"

बोट थरथरली, रेंगाळली आणि धक्क्याच्या जुन्या टायरांना अलगद टेकली. मिस्त्रींनी इंजिन बंद करून त्याच्यावर हात ठेवला. "उपकार झाले रे बाबा," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं ते समुद्राचं नव्हतं.

पायऱ्यांवर पावलं वाजली. निथळत मेहुणा खाली आला. त्याच्या हातात डबा होता.

"त्या दिवशी तुम्ही झोपला नव्हतात," तो म्हणाला. "नळी फुटली होती. मला कळलं होतं."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी."

"आणि दोन वर्षं गप्प बसलास?"

"लाज वाटली, दाजी."

"गाढवा," मिस्त्री म्हणाले आणि उलटी बादली पुढे सरकवली. "बस. आज तू होतास म्हणून घर दिसलं."

"आणि तुम्ही झडप उघडलीत म्हणून."

डब्यात समुद्राचं पाणी शिरलं होतं. मेहुण्याने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट झालंय."

"गप खा. तुझ्या ताईला सांगू नकोस."

तेवढ्यात धक्क्यावरून तिचीच घाबरी हाक आली, "अहो! आहात ना दोघं?"

"आहोत!" दोघे एकदमच ओरडले.

तिने वाकून उघड्या झडपेतून पाहिलं, दोघांच्या मध्ये एकच डबा उघडलेला होता. मग तिचा आवाज आला, जरा घोगरा, "मग सावकाश जेवून घ्या. मी थांबते."