लाटण्याचं बाळसं

सोमवारी सकाळी कळंबच्या कालव्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कडेवर, मांडीवर लेकरं घेतलेल्या बाया पुढे, आणि आपण सहज वाट वाकडी करून आलोय असं दाखवणारे पुरुष मागे. समोर पाटावर दोरेवाले महाराज. त्यांची विद्या सोपी होती. सुकलेल्या लेकराच्या दंडाला मंतरलेला दोरा सैलसा बांधायचा. आठ दिवसांत दोरा घट्ट झाला, की लेकरू अंगानं भरलं.

"दवाखान्याचा काटा काय मोजतो? हाडं!" महाराज सांगत होते. "आमचा दोरा जीव मोजतो. काटा खोटं बोलंल, तुमचं बोट न्हाय बोलायचं. या माऊली, घाला बोट."

एका बाईनं दोऱ्याखाली बोट घालून पाहिलं. गेल्या सोमवारी सहज गेलेलं बोट आज जाईना. शेडमध्ये जयजयकार झाला.

मागच्या रांगेत मोहनराव हाताची घडी घालून उभे होते. भूकरमापक म्हणून चौतीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून ते निवृत्त झाले होते. त्या नोकरीतून त्यांना एक वाक्य मिळालं होतं: मोजल्याशिवाय बोलू नये. हे वाक्य ते घरात दिवसातून तीनदा बोलत, काहीही न मोजता. बुवाबाजी उघडी पाडायचाही त्यांना छंद होता. बावड्याला कावीळ उतरवणाऱ्या बुवाची काड्यांची माळ रोग्याच्या गळ्यापासून पायापर्यंत वाढते कशी, हे त्यांनी भर बाजारात दाखवलं होतं. हिरव्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. हा किस्सा न ऐकलेला माणूस कळंबात उरला नव्हता, तरी मोहनराव शोधात असत.

आजही ते उघडं पाडायलाच आलेत, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनाही तसंच वाटत होतं. पण शेजारी सून संजीवनी उभी होती, आणि तिच्या कडेवर दीड वर्षाची नात राजनंदिनी होती.

झालं होतं असं, की चार दिवसांपूर्वी अंगणवाडीच्या करुणाताई घरी आल्या होत्या. त्यांनी लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची प्लास्टिकची पट्टी राजनंदिनीच्या दंडाभोवती गुंडाळली आणि आकडा वाचला.

"तात्या, अकरा पूर्णांक दोन सेंटीमीटर. साडेअकराच्या खाली म्हंजे लाल. पोरीला तीव्र कुपोषण हाय, उद्याच आरोग्य केंद्रात न्या. आणि संजीवनीचंबी रक्त तपासा. पापणीच्या आतून पांढरीफटक पडलीय ती."

कुपोषण हा शब्द मोहनरावांना इंगळीसारखा डसला. तो शब्द वर्तमानपत्रातला, दूरच्या डोंगरातला. चार एकर डाळिंबाच्या बागेत तो आलाच कसा?

"आमचं डाळिंब परदेशात जातं, बाई."

"व्हय. पण ह्या पोरीच्या तोंडात काय जातं?"

मोहनराव पट्टीकडं बोट दाखवून म्हणाले, "तुझी ती पट्टी आधी तपासून आण."

आणि म्हणून आज ते शेडमध्ये होते. त्यांनी महाराजांचा दोरा उलटसुलट पाहिला. कोऱ्या सुताचा, चांगला पीळदार. राख नाही, अंगारा नाही, हातचलाखी नाही. बोट आपलं, दंड आपल्या नातीचा. हे तर मोजमाप झालं, अंधश्रद्धा कसली? माणसाला हवं ते उत्तर कुणी देत असलं, की त्याची चिकित्सा केवढी मऊ पडते, हे मोहनरावांना त्या दिवशी कळलं नाही.

दोरा बांधला. पथ्य सांगितलं. दोऱ्यावर दिवसातून तीनदा तीर्थ घालायचं, मग त्याला ऊन दाखवायचं. अकरा सोमवार अंडं, डाळ, तेल बंद, नाहीतर दोरा बाटतो. जास्तीचा वीतभर दोरा महाराजांनी संजीवनीच्या हातात ठेवला.

पुढच्या सोमवारी मोहनरावांनी दोऱ्याखाली बोट घालून पाहिलं. जाईना. करंगळीसुद्धा जाईना. त्यांनी सगळ्यांदेखत महाराजांच्या हातातला माइक मागून घेतला.

"मी कुणाचं ऐकून मान डोलावणारा माणूस नाही," ते म्हणाले, "पण मी मोजलंय."

एवढा टाळ्यांचा कडकडाट त्यांना निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता. घरी येताच त्यांनी बायकोला, द्वारकाबाईंना, हाक मारली. "अहो, ऐकलं का, पोरगी भरली!"

द्वारकाबाई देवापुढं हात जोडून आल्या. संजीवनी मात्र स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली. लाटण्याच्या मधोमध उरलेला दोरा बांधलेला होता.

"मामा, ह्याच्याखाली बोट घाला."

मोहनरावांनी घातलं. जाईना.

"बांधला तवा तुमचंच काय, माझंबी बोट सहज जात हुतं," संजीवनी म्हणाली. "पोरीच्या दोऱ्याला तीर्थ घातलं की ह्यालाबी घालत हुते. ऊनबी दाखवलं. आठ दिसांत लाटण्यानं बाळसं धरलं म्हणायचं."

द्वारकाबाईंनी लाटणं हातात घेऊन दोरा निरखला.

"नवी सुती नाडी पयल्या धुण्यात आखडती, मामा. कुठल्याबी बाईला ठावं असतं. आन् मी रोज आंघूळ घालते तिला. बरगड्या हाताला लागत्यात माझ्या. तुमीच म्हणता ना, मोजल्याबिगर बोलू न्हाई. म्हणून आठ दिस गप बसले."

मोहनराव ओट्यावर बसले. नोकरीतलं पहिलं वर्ष त्यांना आठवलं. भर पावसात त्यांनी कापडी फितीनं एक रान मोजलं होतं आणि ते नकाशापेक्षा मोठं भरलं होतं. साहेबांनी ओली फीत त्यांच्या गळ्यात घालून सांगितलं होतं, "रान वाढलं नाही, मोहन. फीत आखडली." पुढं चौतीस वर्षं ते नव्या पोरांना हेच शिकवत आले. कोरं सूत भिजलं की फुगतं, पीळ आवळतो, दोरा आखूड होतो. जगातल्या सगळ्यांनी फसावं अन् मोहनरावांनी फसू नये, अशी ही एकच लबाडी होती, आणि नेमके तिलाच ते फसले होते.

संजीवनीनं कात्रीनं दोरा कापला. दंडावर लाल वळ उमटला होता. करुणाताईंना बोलावून घेतलं; त्यांनी पट्टी लावली तेव्हा अकरा भरलं. आठ दिवस डाळ, तेल बंद ठेवल्याचं फळ. मोहनरावांना त्या दोन मिलिमीटरची जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी मायलेकी आरोग्य केंद्रात दाखल झाल्या. संजीवनीच्या हिमोग्लोबिनचा आकडाही हवा त्याच्या निम्म्यावर निघाला. घरात सगळ्यांचं उरकल्यावर ती जेवायची, आणि तेव्हा उरतं काय, हे चौतीस वर्षं मोजणी केलेल्या माणसानं कधी मोजलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मोहनराव लाटणं घेऊन शेडमध्ये गेले. गर्दी दुप्पट होती. त्यांनी महाराजांचाच कोरा दोरा लाटण्याला सैलसा बांधला, पुढच्या बाईला बोट घालायला लावलं, ते सहज गेलं, वर महाराजांचंच तीर्थ ओतलं आणि लाटणं उन्हात ठेवलं. तासाभरानं बोट जाईना.

महाराज म्हणाले, "लाटण्याला बाधा हाय."

"व्हय महाराज," मागून एक म्हातारी बोलली, "पर ते सुकलं कवा हुतं?"

मग जे हसू फुटलं, ते महाराज फटफटीवर बसून फाट्याला लागेपर्यंत थांबलं नाही. मोहनरावांनाही हसू येत होतं. तेवढ्यात बोट घालणारी बाई त्यांच्यापुढं आली. सिंधुबाई, कन्हेरीहून आलेली.

"तात्या, मागल्या सोमवारी तुमी माइकवर बोलला, म्हणून आमी बांधला. आठ दिस ह्याला डाळीचं पाणीबी दिलं न्हाय."

तिच्या कडेवरचं लेकरू रडतही नव्हतं. मोहनरावांनी पुन्हा माइक घेतला. या वेळी टाळ्या नव्हत्या.

"मी मोजलंय म्हणालो, ते खोटं होतं. मला कुपोषण हा शब्द ऐकायचा नव्हता, म्हणून मी आखडणाऱ्या मापावर विश्वास ठेवला. दोरे इथंच कापा. बाहेर करुणाताई पट्टी घेऊन उभ्या आहेत. ती भिजत नाही, आखडत नाही आणि कुणाची भीडही ठेवत नाही. लाल आलं तर लाजू नका, आरोग्य केंद्र गाठा. डाळ, अंडं, तेल आजपासून सुरू करा. लेकराच्या ताटात वाढा, आणि त्याच्या आईच्या ताटात सगळ्यांच्या आधी वाढा."

मग ते सिंधुबाईच्या लेकराला स्वतः कडेवर घेऊन करुणाताईंच्या पट्टीच्या रांगेत उभे राहिले.