सोमवारपर्यंतचा कोट

वहिनी आणि तिची धाकटी नणंद, जिला घरात सगळे ठिणगी म्हणत, दोघींनी मिळून कपडे भाड्याने द्यायचा धंदा काढला होता. मुलाखतीला किंवा मोठ्या बैठकीला निघालेल्या बाईला चार दिवसांपुरता झकास कोट घरपोच द्यायचा, परत आला की धुऊन, इस्त्री करून पुढचीकडे धाडायचा. मागणी इतकी वाढली की कोट पुरेनात. म्हणून भांडवल मागायला दोघी एका गुंतवणूकदाराच्या काचेच्या खोलीत येऊन बसल्या.

ठिणगी लाह्या फुटाव्यात तशी बोलत होती. चार फेऱ्यांत कोट आपली किंमत वसूल करतो, पुढचा सगळा नफाच, असं तिने पटवून दिलं. गुंतवणूकदाराने शांतपणे चष्मा पुसला.

"हिशेब चोख आहे. पण दुसरीने वापरलेला कपडा अंगाला लावणारी बाई मला तरी भेटलेली नाही."

वहिनीने मान वर केली. त्याच्या शेजारी बसलेल्या सल्लागार बाईच्या अंगात त्यांचाच मोरपंखी कोट होता. बाहीचं ते किंचित वेगळं बटण वहिनीनेच लावलेलं. सांगू नका म्हणून बाईने डोळ्यांनीच हात जोडले.

एक शब्द बोललं की काम फत्ते. पण वहिनीने टेबलाखाली ठिणगीचा पाय दाबला. ठिणगीने पाहिलं, ओळखलं, आणि हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. नेमका ठसका लागला. तिच्या पाठीवर थोपटता थोपटता वहिनीही खुदखुदू लागली. हसण्यासारखं काय झालं, असं गुंतवणूकदाराने विचारलं, तर दोघींच्या डोळ्यांतून पाणी.

शेवटी ती बाईच उठली. कान लालबुंद.

"सर, भेटली आहे तुम्हाला. हा कोट यांचाच. सोमवारी परत करायचाय."

सकाळीच त्याने त्या कोटाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. तो स्वतःच खो-खो हसत सुटला. ओळखूनही बोलला का नाहीत, असं त्याने विचारलं.

"गिऱ्हाइकाची झाकली मूठ आपण उघडू नये," वहिनी म्हणाली.

त्याने निम्मे पैसे लगेच, उरलेले सहा महिन्यांनी द्यायचं कबूल केलं. ठिणगीने घासाघीस करून त्याचा हिस्साही कमी करून घेतला.

जिन्यातच दोघींनी बसकण मारली. वहिनीने नवऱ्याला फोन लावला, पण हसू आवरेना. हसतेय की रडतेय, त्याला काही उमगेना.

"असू दे गं," तो समजूत घालत म्हणाला, "आधी घरी या जेवायला."