तिसऱ्या दिवशीचा अवसार

माझा धाकटा भाऊ प्रीतम बारा वर्षं पीत होता. सकाळी चहाच्या आधी त्याला पाव ग्लास लागायचा. तो पोटात गेल्यावरच हातांचा कंप थांबायचा. मी त्याला तोंडावर नेभळट म्हणायचो. मनात आणलं तर दारू सुटते, असं माझं ठाम मत होतं, आणि घरात माझ्या शब्दापुढे कोणी जात नसे.

सोमवारी त्याला ओढतच ग्रामदेवतेसमोर नेलं. देवळाचे मानकरी असलेल्या गावकरांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणालो. नारळावर हात ठेवून प्रीतम म्हणाला, “आजपासून एक थेंब नाय.” मला देवळातच रडू आलं.

मंगळवारी त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. बुधवारी दुपारी अंगणात बसल्या बसल्या तो थरथरू लागला. घामाने निथळत भिंतीकडे बोट दाखवून ओरडला, “कुर्ल्यो चढतत! सगळीकडे कुर्ल्यो!” भिंतीवर खेकडे सोडाच, साधी पालही नव्हती.

शेजारचे धोंडूकाका हात जोडून पुढे आले. “अवसार इलो! देव आंगात इलो!”

शपथ देवाची, तेव्हा उत्तरही देवच देणार. मला ते लगेच पटलं. आम्ही त्याला पाटावर बसवलं, कपाळभर कुंकू लावलं.

त्याची बायको दीपिका तेवढी म्हणत होती, “भावजी, ह्येंचा आंग तापला आसा. डॉक्टराकडे नेवया.”

“गप रव गो! देव घरात इलो आणि तू डॉक्टर काढतंस?” मी तिच्यावर खेकसलो.

मग मी पुढे होऊन विचारलं, “देवा, माझो भाव सुटलो मा?” त्याने मान हलवली. की ती हलली, कोण जाणे. असे प्रश्न तास-दीड तास चालले. शेवटी तो पाटावरून कोसळला, अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. दुसरा झटका रिक्षात आला. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. “दारू मेंदूला दाबून ठेवते,” त्या म्हणाल्या. “वर्षानुवर्षं मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू एकदम बंद केली की दाबणारं जातं, जोर तसाच राहतो. म्हणून ही थरथर, हे भास, हे झटके. मन खंबीर असून काही उपयोग नसतो. औषधांनी सोडवता आली असती. थरथर सुरू झाल्यावर लगेच आणलं असतंत तरी... तेवढा वेळ करत काय होता तुम्ही?”

दीपिका माझ्याकडे बघत राहिली.

“त्याच्या पाया पडत होतो,” मी म्हणालो.