गुडघे टेकणाऱ्या मेंढ्या

"आल्या! आल्या बघा!"

रविवार असूनही खाली चॅपेलातली बाकं रिकामी होती. वेल्सच्या त्या खेड्यातला जवळजवळ सगळा गाव डोंगरमाथ्यावर, उभ्या दगडांच्या रिंगणाभोवती जमला होता. अशी आणखी दोन रिंगणं खाली उतरणीवर होती. ते दगड कुणी रोवले, कशासाठी रोवले, कुणालाच ठाऊक नव्हतं. धुक्यातून मेंढ्या आल्या आणि सगळ्यांत उंच दगडापाशी पुढचे गुडघे टेकून वाकल्या. बायकांनी हुंदके दिले, पुरुषांनी टोप्या काढल्या.

"मुकं जनावर ओळखतं!" इद्वल गरजला. "माणसाला मात्र डॉक्टरची चिठ्ठी लागते! खालच्या रिंगणात रोग सैल होतो, मधल्यात सुटतो, इथं जळतो. फेरी पुरी करा नि खुशाल घरी जा. पण अंगात गोळी-सुईचं विष असेल, तर दगड पाठ फिरवतो. मग मला दोष देऊ नका!"

हा इद्वल वसंतात गावात आला होता. पैसे घेत नसे, म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. रोज कुणाच्या तरी घरी मानाची खुर्ची आणि गरम जेवण, एवढं त्याला पुरत होतं.

मारेद लेकीला सावरत उभी होती. नेस्टला मधुमेह होता. रोज सुई टोचताना पोर तोंड फिरवायची, आणि विधवा मारेदचं काळीज तुटायचं. शुक्रवारपासून तिनं सुई बंद केली होती.

"आई, पाणी."

"आत्ताच प्यायलीस ना गं?"

"अजून दे. आणि मला धाप लागतेय."

इद्वल पुढं आला. त्यानं नेस्टच्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि हात उंचावले. "पिकल्या नासपतीचा वास! पोरीचा श्वास गोड झाला! दगडानं हिला आपली म्हटलं!"

गर्दीत "कृपा! कृपा!" अशी कुजबुज पसरली. वरच्या घरचा ग्विलिम बायकोच्या कानात म्हणाला, "एल्यूनेद, तुझ्या हृदयाच्या गोळ्या आजपासून बंद." मारेदला रडू फुटलं, आनंदाचं.

उतरणीवर, मधल्या रिंगणापाशी, नेस्ट ओकली आणि कोसळली. मेंढ्यांच्या वाड्याचं लाकडी फाटक उचकटून त्यावर तिला रस्त्यापर्यंत आणलं. तिथं गावचे डॉक्टर पारी धावत आले. त्यांनी वाकून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मारेद, हा वास कधीपासून येतोय?"

"आज सकाळपासून. दगडानं…"

"अगं, मी तुला सांगितलं होतं ना! श्वासाला फळासारखा वास आला, तर क्षणभर थांबू नकोस म्हणून! सुई नसली की साखर रक्तात पडून राहते, शरीर स्वतःचीच चरबी जाळतं. त्या जळण्यातून होणाऱ्या विषाचा वास आहे हा."

सांगितलं होतं. मारेदला ते आठवतही होतं. पण शेकडो तोंडांनी त्याच वासाला कृपा म्हटल्यावर, तिला तो कृपेचाच वाटला होता.

नेस्ट इस्पितळात पोचली, पण शुद्धीवर आली नाही. पोरीच्या अंगात सुईचं विष उरलं होतं, असं इद्वलनं सांगितलं, आणि गावानं ते मानलं.

दफन झाल्यावर मारेद एकटीच डोंगरावर गेली. मेंढ्या तिथंच होत्या, गुडघ्यांवर. तिनं जवळचीचा कान धरला. कानाला मालकीची खूण म्हणून कापलेली, तिच्याच घराण्याची खाच होती. असणारच. डोंगरावरची मेंढी आईमागून जो माळ शिकते, तो सोडत नाही. तिथं कुंपण लागत नाही. हा माळ मारेदचाच होता. नेस्ट आजारी पडल्यापासून ती मेंढ्यांचे खूर तपासायला इकडं फिरकली नव्हती.

तिनं मेंढीला ढुंगणावर बसवून खूर उलटा केला. कुजक्या खुराची घाण नाकात शिरली. मेंढी कण्हली. उभं राहवेना, म्हणून बिचारी गुडघ्यांवर चरत होती. दगडाच्या बुडाशी गवतात पांढरे खडे होते. मारेदनं एक जिभेवर ठेवला. मीठ.

एरवी गुडघ्यांवर चरणारी मेंढी दिसली, की हाच गाव धन्याची टर उडवायचा, "काय रे, खूर कापायला सुरी मिळेना?" पण दगडाशेजारी तीच मेंढी बघून सगळ्या मेंढपाळांनी टोप्या काढल्या होत्या. मारेदसुद्धा भुलली होती.

ती कुणाशी काही बोलली नाही. कुत्र्याकडून कळप गोळा केला, खूर कापले, औषध लावलं. काही आठवडे रोज हेच.

मग एका रविवारी ती गर्दीत जाऊन उभी राहिली. इद्वलनं तिला पाहिलं. "ज्या आईची श्रद्धा डळमळते…" त्यानं सुरुवात केली.

"मेंढ्या येऊ देत," मारेद हळूच म्हणाली.

मेंढ्या आल्या. दगडापाशी मान खाली घालून उभ्यानंच मीठ चाटू लागल्या. एकीनंही गुडघा टेकला नाही.

"खूर कुजले होते त्यांचे," मारेद म्हणाली. "माझ्याच मेंढ्या, माझीच हयगय. मीठ यानं टाकलं. खाली वाका, चाखून बघा."

"शोकानं बाईचं डोकं फिरलंय!" इद्वल ओरडला. ग्विलिम मात्र वाकला, खडा चाखला. "मीठच आहे," तो म्हणाला.

"मी रोज सकाळी गुडघे टेकते," मारेद म्हणाली. "आजही टेकले. देव सोडा असं मी म्हणत नाही. पण डोळे देवानंच दिलेत, ते मिटून त्याच्यापुढं उभं राहू नका. चमत्कार दिसला, की आधी त्याचा खूर उलटा करून बघा. प्रार्थना करा, पण पोराला सुई देऊन करा. मी दिली नाही."

इद्वल धुक्यातून उतरू लागला. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी त्याच्यामागं गेलंही नाही.

छातीवर हात दाबून एल्यूनेद दगडाला टेकली होती. "ग्विलिम," ती म्हणाली, "माझ्या गोळ्या तू कुठं ठेवल्यास रे?"