उमेदवाराच्या खुर्चीत रंजिता

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या त्या कॉलेजात पत्रकारितेचा वर्ग सुरू होऊन चारच वर्षं झाली होती, त्यामुळे लोकसभेची निवडणूक त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होती. वर्ग वंदनाबाई महाजन घ्यायच्या. कॉलेजच्या कागदांवर त्या ‘अतिथी विद्वान’ होत्या, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमल्या जायच्या. त्याआधी त्यांनी एका हिंदी दैनिकाच्या इथल्या कचेरीत बातमीदारी केली होती, आणि फारसं काही मनाला लावून न घेण्याची सवय तिथूनच बरोबर आणली होती.

निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या तसा त्यांनी ठरलेला अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि मुलांना सभेत कुठे उभं राहायचं इथपासून शिकवायला घेतलं. पक्षाच्या मंडपातला मठ्ठा प्यायचा नाही. मंचाजवळच्या सोफ्यावर बसायचं नाही. ‘अफाट गर्दी’ लिहायचं नाही. मैदान अर्धं भरलं असेल तर अर्धं भरलं होतं असं लिहायचं. मुलं बातम्या हिंदीत लिहीत आणि त्यांवरून मराठीत भांडत. कॉलेजच्या फेसबुक पानावर त्या बातम्या लागायच्या होत्या, म्हणून सगळ्यांना जरा जोर चढला होता.

एप्रिलच्या सुरुवातीला वंदनाबाईंनी वर्गातच लुटूपुटूची पत्रकार परिषद ठेवली. उमेदवार कोण व्हायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि रंजिता चौधरीची चिठ्ठी निघाली. रंजिता शहरातल्या शनवारा भागात राहायची, वडील शाळेत मास्तर. अभ्यासात पुढे, पण तिला कुणी बोलकी म्हटलं नसतं. ती टेबलामागच्या खुर्चीत बसली, ओढणी नीट केली आणि सगळ्यांना नमस्कार केला.

पहिला प्रश्न निशाने विचारला. निशा जवळच्या तुकईथड गावची, केळीच्या बागा असलेल्या घरातली आणि रंजिताची जिवाभावाची मैत्रीण.

“केळीच्या पीकविम्याबद्दल तुमचा पक्ष काय करणार?”

रंजिता पुढे झुकली. “तुम्ही तुकईथडच्या ना? यंदा बाग कशी आहे? वादळात झाडं पडली का हो?”

निशा सांगायला लागली. कोणत्या शेताची किती बाग आडवी झाली, बाबांनी उरलेल्या झाडांना बांबू कसे लावले, व्यापाऱ्याने भाव कसा पाडला. रंजिता शांतपणे मान हलवत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “अशा घरातली मुलगी आज मला प्रश्न विचारते, यातच सगळं आलं. पुढचे पत्रकार?”

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

“टाळ्या कोण वाजवतंय?” वंदनाबाई मागून म्हणाल्या. “निशा, उत्तर वाचून दाखव.”

निशाचा कागद कोरा होता. “मॅडम, मीच बोलत बसली.”

“रंजिता, काय केलंस तू?”

“मॅडम, मी तं उत्तर दिलंच नाही,” रंजिता म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटत होतं. “तिला घरचं विचारलं. माणूस घरचं सांगायला लागलं की आपला प्रश्न विसरून जातं.”

मग वंदनाबाईंनी तो पूर्ण तास त्याच एका गोष्टीवर घालवला. समोरचा कितीही गोड बोलो, त्याला दोन शब्दांत उत्तर द्यायचं आणि आपला प्रश्न तस्साच पुन्हा विचारायचा. रंजिता चकवत राहिली, मुलं पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

वर्गातल्या मोहितने त्या दिवशीचा व्हिडिओ इन्स्टावर टाकला. “मॅडम, मजाक में डाला था,” असं तो नंतर म्हणाला. तो व्हिडिओ बऱ्याच लोकांनी पाहिला. पाहणाऱ्यांत भूपेंद्र सोळंकी हाही होता. एका उमेदवाराच्या प्रचाराचं काम त्याच्याकडे होतं. तो सरळ कॉलेजात आला.

“मॅडमजी, ही मुलगी आम्हाला सभांसाठी पाहिजे. नेताजी येईपर्यंत पब्लिक बसवून ठेवायची, बस इतकंच.”

“ते तिला विचारा,” वंदनाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी रंजिता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “जाऊ का मी?”

“तुला काय वाटतं?”

“त्या दिवशी मला खूप मजा आली, मॅडम. खोटं नाही सांगत.”

“मग जा. पण निवडणूक होईपर्यंत आपल्या पानासाठी एक ओळही लिहायची नाही. दोन्हीकडे राहता येत नाही.”

रंजिताने मान डोलावली. वर्गातली सगळ्यात तयार बातमीदार चालली होती. वंदनाबाईंना जरा चुटपुट लागली, पण त्यांनी सभांचं वेळापत्रक काढलं आणि तिच्या जागी निशाचं नाव घातलं.

मे महिन्यात धूलकोट गावात त्या उमेदवाराची सभा होती. निशा, मोहित आणि वंदनाबाई बसने गेले. ऊन उतरलं तरी मंडपाखाली भट्टी पेटल्यासारखं होत होतं. उमेदवाराची गाडी अजून पोचली नव्हती आणि मंचावर रंजिता उभी होती, निळ्या साडीत. बायांना तिने घरच्या बोलीत हसवलं, म्हाताऱ्यांची नावं घेतली, आणि लोक पुरते रंगले तेव्हा आवाज चढवून म्हणाली, “धूलकोटच्या शीतगृहाची जागा ठरली आहे. दिवाळीच्या आत पायाभरणी होईल!”

मंडप दणाणला.

“क्या बोलती है यार,” मोहित पुटपुटला. वंदनाबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो फोटो काढायला लागला.

सभा संपल्यावर निशा मंचामागे गेली. वंदनाबाई थोड्या अंतरावर थांबल्या.

“रंजिता, शीतगृहाची जागा कुठे ठरली?”

रंजिता पदराने घाम पुसत होती. निशाला पाहून तिचा चेहरा खुलला. “अगं, आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?”

“झालं. जागा कुठे ठरली?”

“मग आता चालून राहिली का ती?”

“चालते. जागा कुठे ठरली?”

रंजिताने भूपेंद्रकडे पाहिलं. “चलो, चलो, पुढची सभा आहे,” म्हणत त्याने जीपचं दार उघडलं. ती बसली आणि जीप गेली.

परतीच्या बसमध्ये निशाने मोबाइलवरच बातमी लिहून वंदनाबाईंच्या हातात दिली. शेवटी लिहिलं होतं: ‘शीतगृहासाठी कोणती जागा ठरली, असं विचारलं असता वक्त्या रंजिता चौधरी यांनी वार्ताहराच्या आजीच्या प्रकृतीची चौकशी केली.’

“हे वाक्य काढू का, मॅडम?” निशाने विचारलं. “मैत्रीण आहे ती माझी.”

“वाक्य खरं आहे?”

“हो.”

“मग तू ठरव. माझ्यावर टाकू नकोस.”

निशाने मोबाइल परत घेतला आणि बातमी होती तशी पानावर टाकली.

ती बातमी गावभर फिरली. पक्षाचे कार्यकर्ते चहाच्या टपरीवर आले की कुणी ना कुणी विचारायचं, “काय हो, आजी कशी आहे?” भूपेंद्रने वंदनाबाईंना दोनदा फोन करून धुसफूस केली. दुसऱ्या दिवशी दुपारी रंजिता स्टाफरूममध्ये आली.

“मॅडम, ती बातमी काढा.”

“काही चुकलंय त्यात?”

“चुकलं नाही. पण लोक हसून राहिले माझ्यावर. घरी बाबा पण बोलत नाहीत.” तिचे डोळे भरले. “निशाने आजीला आणायला नको होतं त्यात. आणि हे सगळं तुम्हीच शिकवलं ना?”

“हो. दोघींनाही.”

रंजिता निघून गेली. त्यांनी तिच्यासाठी मागवलेला चहा तसाच राहिला. त्या दिवशी घरी पोळ्या लाटताना वंदनाबाईंच्या मनात आलं, आपण तिला थांबवून दोन शब्द बोलायला हवे होते.

मतदान झालं, निकाल लागला, परीक्षाही झाल्या. दोघी मैत्रिणी एकाच बाकावर बसायच्या, त्या आता वर्गाच्या दोन टोकांना बसत होत्या. पुढे निशाला एका दैनिकाच्या इथल्या कचेरीत शिकाऊ बातमीदाराचं काम मिळालं.

जुलैत रंजिता वंदनाबाईंच्या घरी आली. या वेळी तिने चहा घेतला.

“मी भूपेंद्रजींना विचारलं, शीतगृहाची जागा कुठे आहे. ते हसले. म्हणाले, कौनसी जगह? मॅडम, मंचावर चढायच्या आधी जागा ठरली असं त्यांनीच मला सांगितलं होतं. मी एकदाही विचारलं नाही. धूलकोटचे लोक मला बाजारात थांबवून विचारतात, पायाभरणी कधी आहे.”

“मग आता?”

“मला हे छापून यायला पाहिजे. पण निशा माझा फोन उचलत नाही.”

वंदनाबाईंनी तिच्यासमोरच निशाला फोन लावला. “तुझ्यासाठी बातमी आहे. धूलकोटच्या शीतगृहाची.”

“कोणाकडून?”

“रंजिताकडून.”

निशाने विचारलं, “तिचं नाव छापायचं की नाही?”

“ते तिलाच विचार,” म्हणत वंदनाबाईंनी फोन रंजिताच्या हातात दिला आणि कपबश्या घेऊन त्या आत गेल्या. बाहेरून आधी नुसतं हं, हं ऐकू आलं. मग रंजिता म्हणाली, “छाप. पूर्ण नाव छाप.”

बातमी त्याच आठवड्यात आली, नावासकट.